‘भीमायन’ : बाबासाहेबांच्या अनुभवांची चित्रकथा आणि बौद्ध चित्रपरंपरा

वर्षावासाच्या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होत असते. अशाच एका वाचनाच्या निमित्ताने आम्ही वर्धा जिल्ह्यातील हिंगणी येथे गेलो होतो. सेलूहून बोर धरणाकडे जाताना लागणारे हे गाव. पुढे बोरचे जंगल सुरू होते आणि आसपासच्या वस्त्यांतून गोंड समाजाची घरे आहेत. त्या सायंकाळी पावसाने वीज गेली. ग्रंथाचे बारीक टाईपाचे पान मेणबत्तीच्या उजेडात वाचवेना. तेव्हा पिशवीत असलेले दुसरे एक पुस्तक आम्ही बाहेर काढले. त्यात अक्षरे थोडी आणि चित्रे मोठी होती. मुले मेणबत्तीभोवती दाटीने बसली आणि त्यांच्या पाठीमागे उपासिका येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यात शेजारच्या गोंड घरातील एक वयस्क बाई होत्या. पहिलेच पान पाहून त्या म्हणाल्या, “हे टिपके न् रेघा तं माही आजी भितीवर काढे. याच्यात बाबासाहेब कसे आले, सर?”

हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटला आणि प्रस्तुत लेख त्याच प्रश्नातून निघाला आहे. ते पुस्तक होते ‘भीमायन’. नवी दिल्लीच्या ‘नवयान’ या प्रकाशनसंस्थेने ते २०११ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी त्याचा मजकूर लिहिला आहे. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची आहेत. इंग्रजी वाचकवर्गात या पुस्तकाची बरीच चर्चा झाली. आमच्या विहारांतून मात्र ते फारसे पोहोचलेले दिसत नाही. म्हणून त्याचा आशय, त्याची चित्रभाषा आणि बौद्ध चित्रपरंपरेशी असलेले त्याचे नाते वाचकांसमोर मांडण्याचा आमचा हेतू आहे.

चित्रकथा आणि तिचा स्वतंत्र प्रवाह

‘कॉमिक्स’ म्हटले की आपल्यासमोर लहान मुलांची करमणूक उभी राहते. चित्रांचा क्रम लावून, त्यांना शब्दांची जोड देऊन कथा सांगणे, एवढीच या प्रकाराची व्याख्या आहे. तीत बालिश असे काही नाही. आपल्या देशात हा प्रकार घरोघर नेला तो ‘अमर चित्र कथा’ या मालेने. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालेत आरंभी पौराणिक विषयांचा भरणा होता. पुढे जातककथा, अंगुलिमाल आणि आम्रपाली हेही विषय आले. १९७९ साली बाबासाहेबांवरील अंक निघाला. आमच्या पिढीतील अनेकांनी बाबासाहेबांचे चरित्र प्रथम त्या अंकातच पाहिले आणि त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या मालेची घडण ठरलेली होती. ठरावीक पाने, सरळ रेषांच्या चौकटी, चौकटीच्या माथ्यावर निवेदनाची पट्टी आणि मध्यभागी वीरपुरुष. राजा असो, संत असो की समाजक्रांतिकारक असो, सर्वांना त्याच साच्यातून जावे लागे.

या साच्याबाहेर, मोठ्या व्यापारी मालांच्या चाकोरीबाहेर, लेखक आणि चित्रकार यांनी स्वतःच्या जबाबदारीवर निर्माण केलेल्या चित्रकथांचा एक प्रवाह गेल्या काही दशकांत जगभर वाढला. दीर्घ आणि गंभीर चित्रकथेला ‘ग्राफिक नॉव्हेल’ म्हणण्याचा प्रघात पडला. अमेरिकेतील आर्ट स्पीगलमन यांनी नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आपल्या वडिलांची हकीकत ‘माऊस’ या चित्रकथेत सांगितली. तीत ज्यू उंदरांच्या आणि नाझी मांजरांच्या रूपात येतात. १९९२ साली या कृतीला विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्याकडे ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ साली निघाले. नर्मदेवरील धरण आणि विस्थापित होणारा आदिवासी हा त्याचा विषय होता.

या प्रवाहात आमच्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल असे एक उदाहरण आहे. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५७ साली, अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरी येथील बस-बहिष्कारावर सोळा पानांची एक चित्रकथा निघाली. ती दहा सेंटला मिळे. अन्यायाचा प्रतिकार कसा करावा हे कृष्णवर्णीय तरुणांना समजावे म्हणून ती वाटली गेली. त्या चळवळीतील एक तरुण जॉन लुईस पुढे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य झाले. आपल्या लढ्याचा इतिहास त्यांनी ‘मार्च’ या तीन भागांच्या चित्रकथेतूनच सांगितला (२०१३ ते २०१६). दडपलेल्या माणसांनी हे माध्यम आपल्या साक्षीसाठी वापरले, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

पालि वाङ्मयातील चित्रविचार

बौद्ध परंपरेला चित्रातून कथा सांगणे नवीन नाही. संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात ‘चरण’ नावाच्या चित्राचा उल्लेख येतो. त्यावरील अट्ठकथेत बुद्धघोषाचार्य सांगतात की, काही भटके ब्राह्मण पंथीय कापडावर सुगती आणि दुर्गतीची नानाविध चित्रे काढवून घेत आणि अमुक कर्म केल्यास अमुक फळ मिळते असे दाखवीत ते चित्र घेऊन गावोगाव फिरत. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे करून कथा गातात, त्यांच्याशी हे वर्णन किती जुळते! तथागतांनी मात्र या चित्राचा उल्लेख वेगळ्याच कारणासाठी केला. असे विविध चित्रही शेवटी चित्ताने कल्पिलेले असते आणि चित्त त्या चित्राहूनही विविध असते, असा तेथील उपदेशाचा आशय आहे. चित्र पाहताना ते कोणत्या चित्तातून उमटले याकडे लक्ष द्यावे, हा बोध आपण त्यातून घेऊ शकतो.

विनयपिटकात आणखी एक प्रसंग आहे. छब्बग्गिय भिक्षूंनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रे काढविली. लोकांनी नावे ठेवली आणि तथागतांनी अशा चित्रांस मनाई करून फुलांच्या माळा, वेली इत्यादी नक्षीस अनुमती दिली. मग अजिंठ्याच्या भिंती आकृतींनी कशा भरल्या, असा प्रश्न अभ्यासकास पडतो. विनयाची अट्ठकथा त्याचे उत्तर देते. जातककथा, असदृशदानासारखे प्रसंग आणि निब्बिदा जागविणारे विषय दुसऱ्यांकडून काढवून घेण्यास हरकत नाही, असा तिचा अभिप्राय आहे. म्हणजे परंपरेपुढे प्रश्न होता तो चित्राच्या परिणामाचा. पाहणाऱ्याच्या ठिकाणी विकार वाढतो की विवेक जागतो, ही कसोटी होती. ‘भीमायन’ची परीक्षा याच कसोटीने करावी असे आम्हांस वाटते.

या परंपरेचे दगडातील पुरावे आपल्या परिचयाचे आहेत. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील भरहुतच्या कठड्यावर कथाचित्रांशेजारी ब्राह्मी अक्षरांत नावे कोरलेली आहेत. तेथील जेतवनाच्या प्रसिद्ध शिल्पात अनाथपिंडिक एकाच वर्तुळात दोनदा दिसतो. एकदा तो नाणी आणणाऱ्या गाडीजवळ उभा आहे आणि एकदा दानाचे उदक सोडण्यासाठी हातात झारी घेऊन. दोन क्षणांमध्ये रेघ नाही, पाहणाऱ्याच्या नजरेनेच काळ पुढे सरकतो. सांचीच्या उत्तर तोरणावरील वेस्सन्तर जातकात एकच राजपुत्र एका सलग पट्टीत पुनःपुन्हा येतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील भिंतीवरही हीच रीत आहे. आमच्या विदर्भात भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात स्तूपाचे जे कोरीव अवशेष मिळाले, त्यांत मुचलिंद नागराजाचे नावासह शिल्प आहे. चित्र आणि अक्षर एकत्र आणण्याची ही प्रथा विदर्भाच्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी होती, असे म्हणण्यास काहीच अडचण नाही.

अजिंठ्याच्या त्याच सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्र रंगविलेले आहे. भवचक्र विहाराच्या दाराशी काढावे आणि येणाऱ्या लोकांना ते समजावून सांगण्यासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी, अशी आज्ञा ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात आढळते. चित्र आहे म्हणून सांगणाऱ्याचे काम संपत नाही. हा मुद्दा आपण पुढे पुन्हा विचारात घेऊ.

मूळ हकीकत

‘भीमायन’चा आधार बाबासाहेबांचेच एक छोटेखानी आत्मकथन आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाचे हे लेखन त्यांच्या हस्ताक्षरात उपलब्ध होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने छापले आणि पुढे वसंत मून यांनी संपादित केलेल्या महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात, १९९३ साली, ते समाविष्ट झाले. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकास सिद्धांताने समजत नाही, घडलेले प्रसंग सांगितल्यानेच समजते, ही या लेखनामागील भूमिका होती. म्हणून त्यात तत्त्वचर्चा जवळजवळ नाही, अनुभव आहेत.

पहिला अनुभव १९०१ सालचा. साताऱ्यात राहणारी ही मुले उन्हाळ्याच्या सुटीत कोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ती महार आहेत हे कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकून त्यांनी वाट धरली आणि गाडीवान बरोबर पायी चालला. जवळ शिदोरी होती, पण पाणी मिळाले नाही. शाळेत तर बसायला घरून आणलेले तरट आणि शिपाई वरून ओतेल तेव्हाच पाणी, हा नित्याचाच नियम होता.

दुसरा अनुभव बडोद्याचा. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना राहण्यास जागा नव्हती. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांनीही आसरा देण्याचे टाळले. मुंबईच्या गाडीची वाट पाहत कामाठी बागेत त्यांनी सुमारे पाच तास काढले.

तिसरा प्रवासाचा. १९२९ साली चाळीसगावला महार वस्तीतील लोकांनी त्यांना आग्रहाने नेले. परंतु टांगेवाला अस्पृश्यास नेण्यास तयार नव्हता. तेव्हा टांगा त्यांच्यापैकीच एकाने हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर घोडा उधळला, बाबासाहेब दगडावर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून मुसलमानांच्या जमावाने त्यांच्या मंडळीस घेरले. हिंदूंचा अस्पृश्य हा पारशी आणि मुसलमान यांच्याही लेखी अस्पृश्यच, हे या प्रसंगांतून बाबासाहेबांना दाखवायचे होते.

‘भीमायन’ने ही सामग्री पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत मांडली आहे. पाण्याच्या भागात महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रहही येतो. साऱ्याला एक आजची चौकट दिली आहे. बसथांब्यावर उभा असलेला एक तरुण आरक्षणावर आग पाखडतो आहे आणि एक तरुणी त्याला हा इतिहास ऐकवते. मध्येच वर्तमानपत्रांतील बातम्या डोकावतात आणि २००६ सालचे खैरलांजीही येते. जात आता कोठे उरली, असे विचारणाऱ्या माणसाला पुस्तकाचे हे उत्तर आहे.

परधान चित्रकारांनी काय केले

आता हिंगणीच्या त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. परधान हे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवून गोंड राजांच्या आणि देवांच्या कथा गाणे हे त्यांचे परंपरागत काम. विदर्भातही परधान समाज आहे. व्याम दांपत्य मध्य प्रदेशातील मंडला भागातले. तेथे घराच्या भिंती आणि जमीन ‘दिग्ना’ नावाच्या नक्षीने सजविण्याची प्रथा आहे. ही कला कागदावर आणि कॅनव्हासवर आणली ती पाटणगढच्या जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) यांनी. १९८०च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनात चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी त्यांना आणले आणि तेथून परधान चित्रशैलीचे नवे पर्व सुरू झाले. दुर्गाबाई व्याम यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

या चित्रकारांनी कामाच्या आरंभीच एक अट सांगितली, असे पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात नोंदलेले आहे. पात्रांना चौकटींत कोंडणार नाही, त्यांचा जीव घुसमटतो, आमची कला मोकळ्या जागेतली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. त्यामुळे ‘भीमायन’मध्ये प्रचलित कॉमिक्सच्या सरळ चौकटी नाहीत. दिग्नाच्या वळणदार पट्ट्या पानावरून वाहतात आणि प्रसंगांना वेगळे करतात, जोडतातही. ज्या माणसाचे आयुष्य इथे बसू नको, याला शिवू नको, या रेघेपलीकडे येऊ नको, अशा मर्यादांशी झगडण्यात गेले, त्याची कथा चौकटीविना सांगितली जावी, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. आणि ही रीत भरहुत-सांचीच्या रीतीला किती जवळची आहे हे वेगळे सांगावयास नको. व्याम दांपत्य तेथून शिकले असे आमचे म्हणणे नाही. भिंतीवर कथा सांगणाऱ्या दोन लोकपरंपरा एकाच उपायाशी पोहोचल्या, एवढेच आम्ही म्हणतो.

निसर्ग हा या चित्रकारांचा शब्दकोश आहे. त्यांची रेल्वे सापासारखी सरपटते. तहानलेल्या बालभीमाचे शरीर मासा होते. महाडच्या सभेतील ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी जणू पाण्याची धार उडते आणि ती ऐकणाऱ्या जनसमुदायावर पडते. बडोद्याच्या बागेत आसरा नसलेल्या बाबासाहेबांचे शरीरच बाग होऊन जाते. छायाचित्रासारख्या हुबेहूब रेखाटनात हे साधले नसते. हुबेहूब चित्रात तहानलेला मुलगा केवळ तहानलेला दिसतो. मासा झालेला मुलगा पाहिला की पाणी त्याच्या जगण्याचा आधार आहे आणि तोच त्याच्यापासून हिरावला आहे, हे शब्दाविना कळते. भरहुतच्या शिल्पात दानाची खूण म्हणून वाहणारे पाणी, तृष्णार्त आनंदाने चांडालकन्या प्रकृतीजवळ मागितलेले पाणी आणि साताऱ्याच्या शाळेत शिपायाच्या मर्जीवर अवलंबून असलेले पाणी, ही तिन्ही एकत्र आठवली की धम्माने पाण्याला कोणता अर्थ दिला आणि जातीने कोणता दिला, हे ध्यानात येते.

सर्वांत मोलाची योजना संवादाच्या फुग्यांची आहे. या पुस्तकात फुगे तीन प्रकारचे आहेत. सौम्य आणि प्रामाणिक वचन पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते. विषारी वचनाच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या मनात उमटलेल्या विचाराच्या फुग्याला डोळा असतो, कारण तो ऐकू येत नाही, पाहावा लागतो. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे सम्यक वाचेचे विवेचन आठवल्याखेरीज राहणार नाही. मुसावाद, पिसुणावाचा, फरुसावाचा आणि सम्फप्पलाप ही चार वाचिक दुष्कृत्ये आपण रोज सांगतो. त्यांतील फरुसावाचा, म्हणजे कठोर वाणी, येथे डोळ्यांना दिसते. ‘आपल्याला मारले नाही, नुसते बोलले’ असे म्हणणाऱ्यास शब्दाचाही दंश असतो हे एका नांगीने पटते.

येथे एक शंका मात्र घेतली पाहिजे. चांगल्या माणसांना पक्षी आणि वाईट माणसांना विंचू अशी कायमची वाटणी केली तर तोही एक प्रकारचा जातिभेदच ठरेल. वसलसुत्तात मनुष्य जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, असे तथागत सांगतात. अंगुलिमालासारखा माणूसही बदलतो. म्हणून हा फुगा माणसाला न जोडता त्याच्या त्या वेळच्या वचनाला जोडून वाचावा, असे आम्ही सुचवितो. मग तो फुगा आपल्याही तोंडाशी लागू शकतो.

नावाचा प्रश्न आणि इतर आक्षेप

‘भीमायन’ या नावावर काही बांधवांनी आमच्याजवळ नाराजी व्यक्त केली. ‘रामायणा’च्या चालीवर बाबासाहेबांच्या चरित्राचे नाव कशासाठी, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. प्रकाशकांनी ते साम्य जाणूनबुजून योजले आहे यात शंका नाही. तथापि ‘अयन’ हा शब्द कोणा एका महाकाव्याच्या मालकीचा नाही. पालीत त्याचा अर्थ वाट, जाण्याचा मार्ग असा होतो. सतिपट्ठानसुत्तात मार्गाला ‘एकायन’ म्हटले आहे. सुत्तनिपाताच्या शेवटच्या वग्गाचे नावच ‘पारायन’, पलीकडे नेणारी वाट, असे आहे. या अर्थाने भीमाची वाट असे नाव वाचल्यास ते आमचेच ठरते. आम्ही ते असेच वाचावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आमच्या वेदनेची कथा आमच्या समाजाबाहेरील लेखकांनी लिहिली आणि ती इंग्रजी वाचणाऱ्या वर्गापुढे गेली. ज्यांनी ती भोगली त्यांच्या हाती ती कधी येणार? हा प्रश्न टाळता येत नाही. पुस्तकाचा भर अपमानाच्या प्रसंगांवर असल्याने अर्थतज्ज्ञ, घटनाकार, ग्रंथकार आणि धम्मप्रवर्तक बाबासाहेब त्यात कमी दिसतात, हेही खरे. केवळ हेच पुस्तक वाचलेल्या मुलाच्या मनात बाबासाहेब म्हणजे सोसणारा माणूस एवढीच प्रतिमा राहू नये. परंतु या आक्षेपांवरचा उपाय पुस्तक दूर सारणे हा नाही. लेखणी आणि कुंचला आपण हाती घ्यावा, हा उपाय आहे. त्याच वर्षी त्याच संस्थेने जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) वरून श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांची ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ही कृष्णधवल चित्रकथा काढली. मूळ ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. जोतीरावांना संवादाचे बळ दीडशे वर्षांपूर्वी कळले होते, हे येथे लक्षात ठेवावे.

तिसरा धोका भक्तीचा आहे. जपानचे ओसामु तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात तथागतांवर विशाल चित्रकथा रचली. तीत चाप्रा हा गुलाम आणि तत्ता हा अस्पृश्य मुलगा ही कल्पित पात्रे कथेच्या आरंभीच पुढे येतात. पिटकात ती नाहीत आणि इतिहास म्हणून ती घेता येणार नाहीत. पण तळातल्या माणसापासून सुरुवात करण्याची त्यांची दृष्टी आम्हांस आदरणीय वाटते. त्यांच्या कथेत चमत्कारही पुष्कळ आहेत. ‘भीमायन’मध्ये कल्पनेचा विलास कितीही असला तरी चमत्कार नाही. मासा, साप आणि पक्षी ही अनुभवाची रूपे आहेत, दैवी घटना नव्हेत. बाबासाहेबांना देव्हाऱ्यात न बसविता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणारे हे पुस्तक आहे. निब्बिदा जागविणारा विषय असावा, ही अट्ठकथेची कसोटी येथे पूर्ण होते असे आमचे मत आहे.

विहारांनी काय करावे

दिव्यावदानातील भवचक्राजवळ समजावणारा भिक्षू नेमला होता. आमच्या विहारांतही चित्रांना असा सांगणारा हवा. विहाराच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी असतात, त्यांना आपण वंदन करतो आणि बाहेर पडतो. त्याच भिंतीवर मुलांच्या हातून मसूर स्टेशन, बडोद्याची बाग, चवदार तळे रंगविले गेले तर? गावातील ज्या वृद्धांनी विहिरीवरचा अपमान सोसला, त्यांच्या हकीकती मुलांनी ऐकून चित्रात उतरविल्या तर? यासाठी मोठा निधी लागत नाही. कागद, रंग आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरते. आणि शेजारच्या गोंड-परधान घरांतील हातांना या कामी सन्मानाने बोलवावे. बौद्ध आणि आदिवासी एकाच गावात राहूनही एकमेकांच्या उंबऱ्यावर क्वचित जातात, हे आपण मान्य केले पाहिजे.

हिंगणीला त्या सायंकाळी एका मुलाने विचारले, “सर, हे खरंच झालं होतं का? पाणी का कोनी देत नाही?” आम्ही उत्तर देण्याआधीच मागे बसलेल्या एका वृद्ध उपासकांनी आपल्या लहानपणीची एक हकीकत सांगितली. ती येथे लिहिणे आम्ही उचित समजत नाही, कारण ती सांगताना त्यांचा कंठ दाटून आला होता आणि त्यांच्या नातवाने ती त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. मेणबत्ती संपत आली तेव्हा त्या गोंड बाई पुन्हा पुढे झाल्या. विंचवाच्या फुग्यावर बोट ठेवून त्या हळूच म्हणाल्या, “आपल्या गावात बी हे दोन्ही हायेत. पाखरू बी, इच्चू बी.” आणि थोड्या वेळाने, “आमच्यासाठी बोलतानी तुमचं कोनतं राह्यते?”

विहारात कोणी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी त्या बाईंकडून दिग्नाची रेघ शिकायला मुलांनी त्यांच्या घरी जावे, असे उपासिकांनी ठरविले. मुले गेली, असे मागाहून आम्हांस कळविण्यात आले आहे.